वेशीवरचा पाहुणा

एकोणीस जानेवारी. आजचं काम एकच, बाबांची दवाखान्याची पिशवी भरणे. उद्या सकाळी गोंदिया, तिथून नागपूर, परवा ऑपरेशन. दोन लुंग्या, समोरून बटणं असलेले सदरे (डोक्यातून घालायचे कपडे नंतर चालणार नाहीत, असं नर्सने फोनवर बजावलं होतं), मऊ टॉवेल, वाटी-चमचा, थर्मास, कानटोपी, तपासण्यांची फाईल. एक पाटी आणि खडूही घेतला. पाटी टॉवेलात गुंडाळून तळाशी ठेवली, त्यांना इतक्यात दिसू नये म्हणून.

बाबा अंगणात उन्हाला बसले होते. पिशवीकडे पाहत नव्हते. मी भरत होते, पण ते उद्या गाडीत बसतील याची मला खात्री नव्हती. ही खात्री कशी गेली, ते लिहून ठेवते.

मी बालाघाटात आटाचक्की चालवते. घराच्या पुढच्या खोलीत चक्की, मागे आम्ही. नवरा बदलीवर मंडल्याला असतो, शनिवारी येतो. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे आहेत. मला भाऊ नाही. बाबा शेतीचे माणूस, पण गावात आणि नंतर आमच्या वॉर्डातही त्यांची ओळख वेगळी होती. ते भजनाचा अर्थ सांगायचे.

आमच्या भजनी मंडळाची पद्धत अशी. दर गुरुवारी बैठक. खंजिरी, पेटी, झांजा. सगळी भजनं झाली की त्यातलं एक उचलायचं आणि त्याचा अर्थ लावायचा. भजनातली नाव म्हणजे काय, नावाडी म्हणजे कोण, नदी कशाची. अर्थ सांगून झाला की सगळे उठतात, दोघं जण सतरंजीची टोकं धरून ती बाहेर नेऊन झटकतात. सांगितलेला अर्थ तिथेच झटकून टाकायचा, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. पुढच्या गुरुवारी त्याच भजनाचा दुसरा अर्थ लागू शकतो. बाबांच्या तोंडी एकच नाव एका गुरुवारी देह झालेली मी ऐकली आहे, दुसऱ्या गुरुवारी सासरी निघालेली पोरगी आणि तिसऱ्यांदा चक्क सरकार.

हा नियम काहून आला, असं लहानपणी मी विचारलं होतं. बाबा म्हणाले, "एक जन अर्थ घरी घेऊन गेलता. बायकोले म्हने, तू माया हायेस. तिनं त्याले कोठ्यात बैलाजवळ झोपवलं. तवापासून सतरंजी झटकतेत."

गणपतीच्या सुमारास बाबांचा आवाज बसला. आधी काढा, मग हळद, मग गल्लीतल्या डॉक्टरची औषधं. दिवाळी झाली तरी आवाज फुटेना, तेव्हा मी त्यांना गोंदियाला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने नाकातून बारीक दुर्बीण घशात सोडली. समोर टीव्हीसारखा पडदा. बाबांनी मान वळवू नये म्हणून मी त्यांचं डोकं धरून उभी होते, त्यामुळे आम्ही दोघांनीही एकाच वेळी पाहिलं. गुलाबी ओलं भुयार, तळाशी दोन पांढऱ्या पट्ट्या, उघडतात, मिटतात. डावीवर फुलकोबीच्या तुकड्यासारखं काहीतरी बसलेलं.

"ई म्हणा," डॉक्टर म्हणाला.

बाबा ई म्हणाले. पट्ट्या एकमेकींकडे आल्या, पण त्या तुकड्यामुळे पूर्ण मिटल्या नाहीत.

"हा तुमचा आवाज," डॉक्टर पडद्यावर पेन ठेवून म्हणाला. "आणि ही गाठ. तुकडा काढून तपासायला पाठवू. रिपोर्ट आल्यावर बोलू."

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आपला आवाज पहिल्यांदा पाहिला. मला गाठ दिसली. बाबांना काय दिसलं ते नंतर कळलं. परतताना राजेगावजवळ बस पुलावर आली तेव्हा ते मान हलवायला लागले, आणि मी ओळखलं, अर्थ लागून राहिला आहे.

माझी मुलगी तेव्हा घरी आलेली होती. ती जबलपूरला तत्त्वज्ञानात पीएचडी करते. आधुनिक तत्त्वज्ञानातलं रूपक आणि माध्यम, असा तिचा विषय आहे. मराठी तिला समजते, बोलते मात्र हिंदीतूनच, मध्ये मराठीचे तुकडे घालत. चक्कीवर गिऱ्हाईक नसलं की गव्हाच्या पोत्यावर बसून ती मला तिचा विषय समजावते. मी ऐकते, कारण फी आम्ही भरतो.

ती म्हणते ते असं. जुन्या काळी लोकांना वाटायचं, प्रत्येक वस्तूचा अर्थ वस्तूतच ठेवून दिलेला आहे, आपण फक्त वाचायचा. नव्या काळात ती गाठ सुटली. रूपक करणारा माणूस वस्तू तिच्या जागेवरून उचलतो, तिचं स्वतःचं काम बंद पाडतो आणि मग ती त्याच्या हातात काहीही बोलते. ही त्याची ताकद आणि हेच त्याचं दुःख, कारण दुसरा येऊन तिला दुसरंच बोलायला लावू शकतो. हा झाला अर्धा विषय. उरलेला अर्धा माध्यमाचा. बोलणं, लिहिणं, छापणं, कॅमेरा, हे नुसते नळ नाहीत. नळ बदलला की पाणीही बदलतं.

"आपल्या नळाचं पाणी सकाळी सहाला येते," मी म्हटलं. "तेवढं भरत जा."

"मम्मी, तुम कभी सीरियस नहीं होती."

तिला बाबांचं, म्हणजे तिच्या नानाजींचं, मंडळ म्हणजे आयता सापडलेला नमुना वाटत होता. एकाच भजनाचे बदलते अर्थ, आणि सतरंजी झटकणं. गोंदियाहून आल्यानंतरच्या गुरुवारी ती मोबाईल घेऊन बैठकीला गेली. मंडळातले पेटीवाले काका, बाबांचे जुने सोबती, तिला पुढे बसवून म्हणाले, "काढ ओ बाई, आमचे बी फोटू काढ. मेल्यावर कामी येतीन."

मीही चक्की बंद करून गेले होते. बाबांचा आवाज खरखरीत, पण त्या दिवशी लागला होता. ते म्हणाले:

"मी माझा गळा पाहून आलो. गळा म्हंजे गावाची वेस. दोन दारं हायेत. आतून शब्द जाते, बाहेरून वारा येते. आता त्या वेशीवर एक पाहुना येऊन बसला. काहून आला, कोनी धाडला, मले मालूम नाही. पन वेशीवर पाहुना बसला म्हून कोनी वेस पाडते काय? पाडली त गाव कायचं राह्यलं? पाहुन्याले पानी द्यावं, भजन आयकवावं. त्याच्या मनात येईन तवा तो उठन. गेला त एकटा जाईन, नाही त मले घेऊन जाईन. वेस राह्यली पाह्यजे."

मग काकांनी पेटीवर एक सूर धरला, लोकांनी डोळे पुसले, आणि नेहमीप्रमाणे सतरंजी बाहेर नेऊन झटकली. मीही मान्य करते की चांगलं झालं होतं. त्या दिवशी रिपोर्ट आलेला नव्हता. कापायचं की नाही, हा प्रश्नच कोणी काढलेला नव्हता. बाबांनी पडद्यावर जे पाहिलं, ते त्यांना माहीत असलेल्या एकाच रीतीने हाताळलं होतं, आणि नियमाप्रमाणे ते तिथेच संपायला हवं होतं.

मुलीने व्हिडिओ काकांना पाठवला, कारण काकांनी मागितला. काकांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कटंगीला गेला, तुमसरला गेला, सुरतेला कामाला गेलेल्या पोरांकडे गेला. आठवडाभरात तो आमच्याकडे परत आला तेव्हा त्याला मागे बासरी होती, वर उगवता सूर्य होता आणि खाली हिंदीत लिहिलं होतं, कैंसर को बाबा का जवाब. सतरंजी झटकण्याच्या आधीच तो कापलेला होता. रिपोर्ट आम्हालाही त्यानंतर मिळाला. लोकांनी आमच्या आधी निदान केलं होतं आणि ते बरोबर निघालं.

गोंदियाहून आम्हाला नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. गाठ पट्टीच्या पलीकडे कूर्चेत गेली आहे, नुसत्या शेकावर, म्हणजे रेडिएशनवर, भागणार नाही. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला छिद्र राहील, श्वास तिथून. पुढे उपकरणाने थोडंफार बोलता येतं, सगळ्यांना जमतंच असं नाही. केलं तर बरीच वर्षं मिळू शकतात. नाही केलं तर गिळणं बंद होईल, मग श्वास अडेल. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि काढायच्या भागाभोवती गोल केला.

बाबांनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे वेस पाडा लागते."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं.

घरी येईपर्यंत मी गाडीत, स्टेशनवर, ऑटोत एकच गोष्ट वेगवेगळ्या प्रकारे सांगितली. बाबा, ती वेस नाही, तो अवयव आहे. तो पाहुणा नाही, रोग आहे. ते हौ म्हणायचे. मग म्हणायचे, "मले मालूम हाय बाई. मी का येडा हावो? पन मी सांगतलं नं."

"दर गुरुवारी वेगळं सांगत होते नं तुमी? आता बी वेगळं सांगा."

"तवा हवेत होतं. आता लोकाइच्या मोबाईलमंदी हाय. मी एक बोललो अन् दुसरं केलं, त मंग माह्या बोलन्यात काय राह्यलं?"

"जीव राह्यते."

"हौ. अन् बोलनं जाते."

आवाज जाणार ही गोष्ट खरी होती, तिचं रूपक करायची गरजच नव्हती. पण माणूस घाबरला, तर घाबरलो म्हणतो. बाबांना तसं म्हणायची सवय नाही. त्यांच्याकडे त्याऐवजी एक तयार अर्थ होता, सुंदर, आणि शेकडो लोकांनी पसंत केलेला.

मुलीला हे समजलं तेव्हा ती चक्कीच्या दारात उभी राहून म्हणाली, "मम्मी, ये तो मेरा ही चैप्टर है. बोला हुआ अर्थ बह जाता है, रिकॉर्ड किया हुआ बोलने वाले को पकड़ लेता है."

"चॅप्टर गेला चुलीत. तो व्हिडिओ काढून टाक."

तिने काढला. तिच्या मोबाईलमधून गेला. काकांच्या, कटंगीच्या, सुरतेच्या मोबाईलमधून कसा जाणार? ती रडली. तिला रागवायला मला वेळ नव्हता, आणि खरं म्हणजे कारणही नव्हतं. तिने आजोबांचं बोलणं जपून ठेवलं होतं. सगळी नातवंडं तेच करतात.

मी मग तिच्या विषयातूनच मार्ग काढायचं ठरवलं. मी हिशोब असा केला की व्हिडिओने अडकवलं तर व्हिडिओनेच सोडवता यावं. वस्तूला कोणीही काहीही बोलायला लावू शकतो, असं तिचे विचारवंत म्हणतात ना? मग बाबांनीच दुसरं बोलायला लावावं. मी काकांना घरी बोलावलं. आधी ते ऐकेनात.

"पोरी, इतकं भारी झालं ते. गोंदियाचे लोक मले फोन करून राह्यले. आता त्याच्यावर पानी टाकू?"

"काका, तुमचा दोस्त मरून राह्यला," मी म्हटलं. "तुमी फोन मोजा."

ते घरी जाऊन पेटी घेऊन आले. बाबाही माझं मन राखायला तयार झाले, किंवा तेव्हा त्यांनाही सुटका हवी असेल. अंगणात पडदा लावून बसवलं. मुलीने मोबाईल धरला. बाबा म्हणाले की वेस जुनी झाली, तिच्या लाकडाला वाळवी लागली, तर शहाणं गाव ती उतरवते, गाव उघडं राहिलं तरी माणसं राहतात, आणि माणसं राहिली तर उद्या नवी वेस होते. चांगला अर्थ होता. पहिल्याइतकाच. पण तोपर्यंत आवाज अगदी खाली गेला होता. मध्येच शिटी वाजल्यासारखा श्वास यायचा. काही शब्द काकांनी पुन्हा म्हणून दाखवले.

काकांनी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. फार कोणी पुढे पाठवला नाही. ज्यांनी पाहिला त्यांनी उत्तरं लिहिली. पहिला जास्त चांगला होता. बाबांवर घरच्यांनी दबाव आणला. हा डॉक्टर लोकांचा प्रचार आहे. एकाने लिहिलं, हे बाबा ते नाहीतच, आवाज बघा. एका बाईने हात जोडल्याची चित्रं टाकून लिहिलं की आमच्या मालकांना तुमच्या पहिल्या व्हिडिओने हिंमत आली, असं बदलू नका.

मी मोबाईल लपवणार होते. पण बाबांना काकांनी आपल्याकडचा दाखवून टाकला होता, प्रामाणिकपणे, पूर्ण.

बाबांनी मला जवळ बोलावलं. बोलायला त्रास होत होता, म्हणून मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"पाह्य," ते म्हणाले. "लोकाइले पहिला पटला."

"लोकाइचा गळा नाही तो. तुमचा हाय."

"मले बी पहिलाच पटला होता, बाई. दुसरा तुह्यासाठी केला."

मुलगी दारात उभी होती. "नानाजी, सतरंजी झटक दें? अभी. दोनों अर्थों की," ती म्हणाली. तिने खरंच आतून सतरंजी आणली. बाबा तिच्याकडे पाहून हसले, कौतुकाने, आणि हाताने नको म्हणून खूण केली. माणसं बसल्याशिवाय सतरंजी झटकत नाहीत. तीही तो नियम ओळखून होती. घडी घालून परत ठेवून आली.

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, जबरदस्तीने घेऊन जाऊ, मी येतो. मी नागपूरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पेशंट शुद्धीत आहे, समजदार आहे, सही त्याचीच लागेल. तुम्ही समजवा. सगळे मला समजवा म्हणतात. मी ज्याला समजावत होते तो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांना समजावत आलेला, आणि माझ्याहून फार चांगलं. मी रोग म्हटलं की त्यांना पाहुणा दिसतो. मी पाहुणा म्हटलं असतं तर कदाचित ऐकलं असतं, म्हणून तेही करून पाहिलं. एका दुपारी जेवण वाढताना म्हटलं, "बाबा, पाहुना फार दिवस राह्यला की घरचे उपाशी राह्यतेत."

ते मग पेजेची वाटी ओठाला लावून म्हणाले, "तुले नाही जमत हे. तू चक्की चालव."

ते खरंच होतं. मी हसले. त्यांनाही हसू आलं, त्याचा ठसका लागला आणि पेज नाकातून आली. मी पुसून काढली.

एवढं सगळं होऊनही मी तारीख रद्द केली नाही. तारीख मिळायला वेळ लागतो आणि माणूस ऐनवेळी बदलू शकतो, असा माझा विचार. म्हणून आज ही पिशवी. संध्याकाळी ती बंद करून मी बाबांसमोर बसले आणि सरळ विचारलं, उद्या ऑटो सांगू का. त्यांनी मग माझा हात घेऊन स्वतःच्या गळ्यावर ठेवला. आतला श्वास करवतीसारखा लागत होता. मला वाटलं, हो म्हणतात. मी ऑटोवाल्याला फोन करून सहाची वेळ दिली.

वीस जानेवारी. सकाळी ऑटो दारात आला. बाबा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून अंगणात खाटेवर बसले होते, निघायला तयार आहेत असं समजून मी जवळ गेले. त्यांनी मान हलवली. एकदाच, नाही अशी. मी वाद घातला नाही. ऑटोवाल्याला परत पाठवलं. दवाखान्याचा काउंटर उघडण्याची वाट पाहत घर झाडलं आणि पाणी भरलं. मग फोन केला. पलीकडच्या मुलीने फाईलचा नंबर विचारला आणि म्हणाली, "कॅन्सल करायचं कारण?"

मी दारातून बाबांकडे पाहिलं.

"ताप आहे," मी म्हटलं.

"उतरला की कळवा. पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळेल. लिहू?"

"लिहा," मी म्हटलं, आणि बाहेर डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईचे गहू चक्कीत टाकले.